समोरची जाळी

नांदुरा
७ एप्रिल २०२५

प्रिय अश्वजित,

सप्रेम नमस्कार. इंजिन-चाचणीच्या खोलीत तुझे कान गेले आणि फोनवर बोलणे संपले, याचे मला वाईट वाटते. परंतु त्यामुळे शाळासोबत्याला पुन्हा पत्र लिहिण्याची वेळ आली, याचे तितके वाटत नाही. आज मात्र कामासाठी लिहीत आहे.

प्रतीक्षाने गेल्या दिवाळीत स्वतःच्या पगारावर लहान टर्बो पेट्रोल गाडी घेतली, हे तुला कळवले होते. ती बुलढाण्याच्या एका खाजगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. रोज सकाळी नांदुऱ्याहून मोताळ्यावरून, राजूर घाट चढून जाते आणि संध्याकाळी परतते. मे अखेरीस तिची नेमणूक कायम व्हायची आहे. तिचे रुग्ण नऊ वाजता येऊन बसलेले असतात, त्यामुळे उशीर चालत नाही.

थंडीभर गाडीने कोणतीही तक्रार केली नाही. मार्चअखेरपासून मात्र घाटात प्रथम एसी गार हवा देईनासा होतो, मग गाडीचा जोर जातो, आणि शेवटी तापमान दाखवणारी पट्टी लाल खुणेकडे सरकते. गाडी थांबवल्यावर बॉनेटमधून तापलेल्या रबराचा वास येतो. गेल्या आठवड्यात ती एका वळणावर अशीच मंदावली आणि मागे सरकीची पोती भरलेला ट्रक होता. हे मला तिने सांगितले नाही. मोताळ्याच्या एका व्यापाऱ्याने पाहिले व मला सांगितले. विचारल्यावर ती म्हणाली, “काही नाही बाबा, चढावर दमते थोडी. तुम्हीपण दमता.”

खामगावच्या सेवा केंद्रात गाडी दाखवली. त्यांनी संगणक लावला, चालवून पाहिली व दोष नाही असे सांगितले. आपले घर जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीला लागून आहे आणि हंगामात रुईचे तंतू किती उडतात, हे तू जाणतोस. त्यामुळे गाडीच्या स्वच्छतेकडे मी पहिल्या दिवसापासून जातीने लक्ष देतो.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. यंत्रातले मला कळत नाही. पण जी गाडी जानेवारीत ठीक होती ती एप्रिलमध्ये ठीक नसेल, तर मधे काहीतरी चुकले आहे, इतके कळते. मे अखेरपर्यंत गाडीचा भरवसा वाटेनासा झाला तर ती विकावी, असे माझे मत होत चालले आहे. हे मी अद्याप प्रतीक्षाला बोललेलो नाही. तू काय ते नीट लिही.

तुझा
भगवंत

* * *

वाळूज
१२ एप्रिल २०२५

प्रिय भगवंता,

सप्रेम जयभीम. परवा चौदा एप्रिल; वसाहतीत मंडप उभा राहतो आहे आणि समोरच्या पोरांनी ध्वनिक्षेपकाची चाचणी चालवली आहे, असे महामाया सांगते. माझी ही पत्नी आता माझ्या कानांचेही काम करते.

आधी टर्बो म्हणजे काय ते समजून घे, म्हणजे तुझी निम्मी भीती कमी होईल. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक पंखी फिरवतो. तिच्याच दांड्यावरची दुसरी पंखी बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. लहान इंजिनाला मोठ्याचा जोर येतो तो त्यामुळे. पण दाबलेली हवा तापते. ती गार करायला इंटरकूलर असतो, पाणी गार करायला रेडिएटर असतो, आणि एसीचा कंडेन्सर या दोघांच्या पुढे. तिघेही एकाच वाऱ्यावर जगतात: जो गाडीच्या तोंडातून आत येतो. वारा कमी पडला की गाडीचा संगणक आधी एसी तोडतो, मग जोर कमी करतो. तो इंजिन वाचवतो आहे. प्रतीक्षा म्हणते ती दमते, ते चूक नाही.

आता काय करायचे ते. घाट चढून गेल्यावर लगेच इंजिन बंद करू नये. एक-दोन मिनिटे तसेच चालू ठेवावे, म्हणजे पंखीत फिरणारे तेल गार होते. नाही तर ते आतच जळते आणि सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडते. तापलेल्या रबराचा वास त्याचाच असावा. टर्बोभोवतीचा उष्णतारोधक पत्रा सैल झाला आहे का ते बघावे. कूलंटची पातळी इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासावी. तापलेले झाकण कोणी उघडू नये, तू तर मुळीच नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे: समोरची जाळी. तुमच्या गावच्या रुईने ती बुजली असण्याची शक्यता मोठी आहे. साध्या पाण्याने, जोर न लावता धुवावी. एवढे करून कळव.

तुझा
अश्वजित

* * *

नांदुरा
२१ एप्रिल २०२५

प्रिय अश्वजित,

तुझे पत्र दोनदा वाचले आणि प्रत्येक सूचना अमलात आणली.

उष्णतारोधक पत्रा घट्ट आहे. कूलंट दोन खुणांच्या मधोमध आहे. सकाळी, थंड इंजिनावर पाहिले. घाट चढल्यावर इंजिन थोडा वेळ चालू ठेवण्याचा नियम प्रतीक्षाला सांगितला. तिने तो लगेच मानला, किंबहुना तो तिला आवडलेला दिसतो. ती म्हणते, “रोज सकाळी वर पोचल्यावर दोन मिनिटं कोणी काही विचारत नाही, अशी जागा मले पह्यल्यांदा भेटली.”

समोरच्या जाळीविषयी तुला निश्चिंत राहण्यास हरकत नाही. ती मी तुझ्या सांगण्यापूर्वीपासूनच दर रविवारी स्वतः धुतो. साधे पाणी, ब्रश नाही, जोर नाही. धुतल्यानंतर उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय ती जागेवर जात नाही.

इतके करूनही परिस्थिती सुधारलेली नाही, उलट बिघडली आहे. येथे पारा चव्वेचाळीसच्या पुढे आहे. गुरुवारी गाडी घाटात दोन ठिकाणी थांबवावी लागली, आणि प्रतीक्षाला पोहोचायला उशीर झाला. एक वृद्ध रुग्ण, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, रिक्षाने येऊन परत गेले. हेही तिने मला सांगितले नाही, आईला सांगितले. मंजुळाने ते मला सांगताना एवढेच म्हटले, “पोरगी जेवली नाही आज.”

आता दररोज सकाळी ती निघाली की ती पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत माझे कामात लक्ष लागत नाही. कार्यालयात मी बेरजा दोनदा करू लागलो आहे. पुढे काय तपासावे?

तुझा
भगवंत

* * *

वाळूज
२६ एप्रिल २०२५

प्रिय भगवंता,

जाळी स्वच्छ आहे, कूलंट आहे, पत्रा जागेवर आहे. मग मला माझ्या यादीत खाली उतरावे लागेल. रेडिएटरचा पंखा दोन्ही वेगांवर फिरतो का? थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याला वाट देणारी झडप, पूर्ण उघडते का? पाणी फिरवणारा पंप? यांपैकी काहीही अर्धवट बिघडले, तर सपाट रस्त्यावर कळत नाही, चढावर कळते. सेवा केंद्राला गाडी घाटात नेऊन तपासायला सांग.

आणखी एक विचारतो. गाडी प्रतीक्षा कशी चालवते? वरच्या गिअरमध्ये ठेवून पेडल दाबत राहिले, तर टर्बोवर भार येतो आणि उष्णता वाढते. ती कोणत्या गिअरमध्ये चढते ते एकदा तिच्या शेजारी बसून बघ.

तुझी रविवारची शिस्त वाचून बरे वाटले. आम्ही कारखान्यात लोकांना जाळी धुवायला सांगून थकलो होतो.

तुझा
अश्वजित

* * *

नांदुरा
५ मे २०२५

प्रिय अश्वजित,

तू विचारलेला प्रश्न योग्य होता. शनिवारी मी रजा टाकून प्रतीक्षाच्या शेजारी बसून बुलढाण्याला गेलो.

मोताळ्यापर्यंत सर्व ठीक होते. पंखाही दोन्ही वेगांवर फिरत होता. घाट सुरू झाला तशी ती तिसऱ्या गिअरमध्ये आली व तिसऱ्यातच राहिली. मी विचारले, “तिसऱ्यातच काऊन चालवतेस?”

ती म्हणाली, “बाबा, दुसरा टाकला तर ती ओरडते, चौथा टाकला तर रडते. तिसऱ्यात गप चालते. तुम्हीपण तिसऱ्यात बसा.”

मी तिला दुसरा गिअर टाकण्यास सांगितले. तिने टाकला. गाडी ओरडू लागली. पहिल्या मोठ्या वळणाच्या अलीकडे एसी बंद पडला, नंतर जोर गेला, आणि मागून आलेल्या एसटीच्या चालकाने दीर्घ भोंगा दिला. आम्ही बाजूला उभे राहिलो. उन्हात, कठड्याशी, ती गाडीला टेकून उभी होती आणि मी बॉनेटवर हात ठेवून तो भाजून घेत होतो. पट्टी लाल खुणेला टेकलेली मी प्रथमच प्रत्यक्ष पाहिली. अश्वजित, ही मुलगी हे रोज एकटीने पाहत होती.

घरी आल्यावर मी किल्ली घेतली आणि कपाटात ठेवली. तिच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे टर्बोवर भार येतो, हे तज्ज्ञाने लिहिले आहे, असे तिला सांगितले. तिने कपाटाकडे पाहिले. मग म्हणाली, “भरोसा गाडीवर नाही का माझ्यावर, येवढं फक्त सांगा.” मी म्हणालो की हा भरवशाचा प्रश्न नसून सुरक्षिततेचा आहे. मंजुळाला हे उत्तर पटले नाही. “किल्ली कपाटात ठेवून राह्यले, दागिना हाय का तो? सत्तावीसची पोरगी, घाट तिनं चढला, कुलूप तुम्ही लावलं,” असे ती भाजी निवडताना भांड्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली.

आजपासून प्रतीक्षा एसटीने जाते. पहिली गाडी पकडायला अंधारात निघावे लागते. कालच मला कळले की ती बुलढाण्यात खोली पाहत आहे. हे माझ्या मनात आले नव्हते. आमच्या घरात तीन माणसे आहेत, त्यांतील एक गेले तर उरलेल्या दोघांना एकमेकांशी बोलण्याचा विषयही उरणार नाही.

निष्काळजीपणाचा दोष माझ्याकडे नाही, याची मी पुनःपुन्हा खात्री केली. त्या प्रवासाआधीच्या रविवारी तर जाळी विशेष काळजीने धुतली: काढून, बादलीत साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, दोनदा खळबळून, मागच्या अंगणात दोरीवर चिमटे लावून सावलीत वाळवली, कारण उन्हात तिचे धागे कडक होतात. तरीही हे असे. थर्मोस्टॅट बदलून घ्यावा की गाडी विकावी, याचा स्पष्ट सल्ला दे.

तुझा
भगवंत

* * *

वाळूज
९ मे २०२५

भगवंता,

तुझे पत्र वाचता वाचता शेवटून तिसऱ्या वाक्यापाशी थांबलो. महामायेने माझा चेहरा बघून खुणेने विचारले, हसताय की घाबरलात? मी दोन बोटे दाखवली: दोन्ही.

रेडिएटर दोरीवर वाळत घालता येत नाही.

आम्ही जाळी म्हणतो ती रेडिएटरच्या नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांची. ती गाडीतून निघत नाही, बादलीत मावत नाही आणि तिला धागे नसतात. मग तू इतके आठवडे धुतोस ते काय आहे? मला वाटते, रुई आत जाऊ नये म्हणून तू हिवाळ्यात गाडीच्या तोंडात खिडकीला लावतात ती मच्छरांची जाळी बसवली आहेस. बरोबर ना? खालच्या इयत्तेत माझ्या दप्तराला तू प्लास्टिकचा कागद शिवून आणला होतास, पुस्तके भिजू नयेत म्हणून. तूच आहेस तो.

असे असेल तर ऐक. मच्छर अडवणारी जाळी निम्मा वारा अडवते. हिवाळ्यात उरलेला निम्मा पुरतो, मे महिन्यात चढावर पुरत नाही. आणि जे बारीक तंतू तिच्यातून निसटले ते मागे खऱ्या जाळीवर बसले असतील; ती तू एकदाही धुतलेली नाहीस, कारण तुझ्या मते ती धुऊन झाली होती. चूक माझीही आहे. मी “जाळी” लिहिले आणि तू “जाळी” लिहिलेस, आणि आपण दोघेही शब्द जुळला म्हणून वस्तू जुळली असे समजलो. शाळेतल्या एकाच बाकावर बसण्याचा हा तोटा.

आता करायचे ते: ती मच्छरजाळी काढ. समोरून कंडेन्सर हळू पाण्याने धुऊन काढ, रेडिएटरवर इंजिनाच्या बाजूने पाणी मारून रुई बाहेर काढ. कोणताही भाग बदलू नकोस. गाडी विकू नकोस.

आणखी एक. प्रतीक्षा कशी चालवते, हे मी कारण शोधण्यासाठी विचारले होते. तू त्याचा निकाल केलास आणि खाली माझी सही घातलीस. तिसरा गिअर बरोबर होता. पत्र पोहोचेपर्यंत कोणी ती गाडी घाटात नेऊ नये, म्हणून तिच्या मोबाइलवर मी आत्ताच हे थोडक्यात लिहून पाठवले आहे. मात्र किल्लीबद्दल तिला काही लिहिले नाही. ते काम माझे नव्हे.

तुझा
अश्वजित

* * *

नांदुरा
१९ मे २०२५

प्रिय अश्वजित,

तुझा तर्क पूर्णतः बरोबर होता. जाळी मी डिसेंबरात बसवली होती. तारेने, काळजीपूर्वक, पुढून दिसणार नाही अशी. प्रतीक्षालाही सांगितले नव्हते. सेवा केंद्रात गाडी नेताना बाहेरची वस्तू आढळल्यास वॉरंटीचा आक्षेप नको म्हणून मी ती आदल्या दिवशी काढून ठेवत असे आणि परत आल्यावर बसवत असे. त्यांना दोष सापडला नाही, यात नवल नाही.

तू सांगितल्याप्रमाणे मागची जाळी धुतली. जी रुई बाहेर आली ती ओल्या गोधडीच्या अस्तरासारखी सलग निघाली. मी ती हातात धरून काही वेळ उभा होतो.

नंतर भर दुपारी, एकटाच, गाडी राजूर घाटातून वर नेली व खाली आणली. तिसऱ्या गिअरमध्ये. एसी चालू राहिला. पट्टी मधल्या खुणेवरून हलली नाही.

किल्ली कपाटातून काढून दाराशेजारच्या खुंटीवर, तिच्या नेहमीच्या जागी, अडकवली आहे. तिने ती अद्याप घेतलेली नाही. रोज एसटीनेच जाते. जाताना खुंटीकडे बघते, असे मंजुळाचे निरीक्षण आहे. खोलीविषयी घरात कोणी विषय काढत नाही. दोष सापडला, दुरुस्त झाला, किल्ली जागेवर आहे. तरी हिशेब मिटल्यासारखे वाटत नाही. या बाबतीत तू काही तपासणी सुचवू शकशील असे वाटत नाही, तरी लिहिले.

तुझा
भगवंत

* * *

नांदुरा
२४ मे २०२५

अश्वजितकाका,

जयभीम आणि नमस्कार. तुम्हाला मेसेजवर लिहिता आलं असतं, पण बाबांचं म्हणणं की तुमच्याशी पत्राने बोलतात, म्हणून कागद घेतला आहे.

तुमचा मेसेज मला त्याच दिवशी मिळाला होता. मच्छरजाळी वाचून मी बसस्टँडवर एकटीच हसले. बाजूची बाई सरकून बसली. पण बाबांना मी काही बोलले नाही. मला वाटलं, ते आज सांगतील, उद्या सांगतील. त्यांनी जाळी काढली, गाडी धुतली, किल्ली खुंटीला लावली. सगळं केलं, फक्त सांगितलं नाही. म्हणून मी किल्लीला हात लावला नाही. आई म्हणाली, “तू पण त्याहीचीच पोरगी हायस.”

काल सकाळी मी स्टँडवर उभी होते. बाबा गाडी घेऊन आले. माझ्यासमोर थांबवली, उतरले, वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले आणि पट्टा लावला. मागे एसटीवाला भोंगा वाजवत होता, तरी ते समोरच बघत राहिले. मग मीच बसले स्टिअरिंगवर.

मोताळा गाव मागे पडलं. घाटात मी तिसरा टाकला. ते गिअरकडे बघत होते, पण तोंड मिटून. एसी सुरू होता. ज्या वळणावर नेहमी थांबावं लागायचं तिथं मीच श्वास रोखला होता, आणि गाडी सरळ निघून गेली. मी बाबांकडे पाह्यलं तर त्यांनी दारावरचा दांडा घट्ट धरलेला होता. वर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

वर आल्यावर मी गाडी झाडाखाली घेतली आणि तुमच्या नियमाप्रमाणे इंजिन चालू ठेवलं. बाबांनी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, “बोला काहीतरी. ती थंडी होऊन राह्यली तोवर.”

ते म्हणाले, “जाळी मी लावली होती.”

“मले माहीत आहे.”

“कचरा आत जाऊ नाही म्हणून.”

“बाबा, तुम्ही हवापण जाऊ नाही देल्ली.”

ते हसले नाहीत. खाली बघून म्हणाले, “भरोसा गाडीवर नव्हता. तुझ्यावर होता. मी उलटं सांगतलं.” एवढं बोलायला त्यांना इतका वेळ लागला की तुमची दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. एरवी त्यांनीच सांगितलं असतं, बंद कर, पेट्रोल जाते.

खोलीवाल्या बाईंना मी आज नाही म्हणून कळवलं. हे बाबांना अजून सांगितलं नाही. सोमवारी घाट चढून झाल्यावर सांगेन, ते सोबत येणार आहेत. त्यांना यायची काही गरज नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

इंजिन बंद करायला मी किल्लीला हात लावला तेव्हा त्यांनी घड्याळावर तळहात ठेवला होता. म्हणाले, “राहू दे अजून थोडी.”

तुमची
प्रतीक्षा